न वाजलेली गोटी

घंटी वाजत नव्हती, कारण मी ती वाजवत नव्हतो. एवढीच गोष्ट. पण ती पडद्याबाहेरच्या मतदारांच्या अख्ख्या ओळीला कळली होती, आणि ओळ गप्प झाली होती. सेरेकुंडा शहरातली ओळ गप्प होते म्हणजे काय ते सांगून समजायचं नाही. मयताला आलेली माणसंसुद्धा आमच्याकडे इतकी गप्प नसतात. मी आत उभा, माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गाच्या कोपऱ्यात, हिरव्या कापडाच्या आडोशात. समोर तीन पिंपं आणि हातात काचेची गोटी. गोटी घामानं इतकी बुळबुळीत झालेली, की मूठ सैल केली तर पळून जाईल असं वाटत होतं. पिंपाच्या नळीत गोटी सोडायची, ती आत घंटीला धडकते, टिंग होतं, मग ती खाली भुशात पडते आणि बाहेर टेबलाशी बसलेली केंद्राध्यक्ष मान डोलावते. एक टिंग म्हणजे एक मत. दोन टिंग म्हणजे पोलीस. आणि टिंग झालंच नाही तर काय, हे कुणी ठरवूनच ठेवलेलं नाही. सायकलच्या घंटीशी या टिंगची गल्लत नको, म्हणून आज आसपासच्या सगळ्या सायकली बंद. पाववाल्याला सकाळी पोलिसांनी सायकलवरून उतरवलं, आणि तो डोक्यावर टोपली घेऊन 'पाव, पाव' असं कुजबुजत फिरत होता, मोठ्यानं ओरडायचीही बंदी असल्यासारखा.

पिंपांवर फोटो होते. जांभळ्या पिंपावर तिजान सोवे, रस्त्याचा कंत्राटदार. हा निवडणुकीच्या आधी आमची गल्ली खणतो आणि नंतर विसरतो. मागच्या वेळच्या खड्ड्यात आता बदकं राहतात. नारिंगीवर याया सिदिबे, एकेकाळी फुटबॉलमधला बरा लेफ्ट विंगर होता. भाषणात स्वतःला 'याया' म्हणतो. 'याया तुम्हाला पाणी देईल.' यायानं स्वतःच्या बायकोला पाणी दिलेलं कुणी पाहिलेलं नाही. आणि मधे तपकिरी पिंप, हाज्जा तिदाचं. भाताची पोती वाटते, टी-शर्ट वाटते, पक्ष बदलते, तेव्हा टी-शर्टचा रंगही बदलते. आमच्या घरात फरशी पुसायला तिचा चेहरा तीन रंगांत आहे. या तिघांकडे मी बघत होतो आणि ते माझ्याकडे बघून हसत होते. फोटोवाल्यानं तिघांना एकच वाक्य सांगितलं असणार, कारण तिघांचं हसणं एकसारखं होतं, नको असलेल्या पाहुण्याला दारात बघून करतात तसलं. पिंपांच्या मागे फळा होता. त्यावर शुक्रवारचं माझंच अक्षर, अर्धवट पुसलेलं: 'नागरिकाची कर्तव्यं. १) मतदान.' दोन नंबरपासून पुढचं पुसलं गेलं होतं. मला आठवेना दोन नंबरला काय असतं. वीस-बावीस वर्षं शिकवतोय आणि आठवेना.

"अरे ए जार्जू," बाहेरून माझ्या आडनावानं कुंबा फायचा आवाज आला, "झोप लागली काय?"

ही केंद्राध्यक्ष. एरवी बँकेत असते. ती सेरेर जमातीची, मी जोला, म्हणजे आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, आणि काही झालं तरी रागवायचं नाही. रागावलो तर पूर्वज शरमतात. त्यामुळे सरकारनं तिला टेबलाशी बसवलं काय नि शिक्का दिला काय, माझ्यापुरता तिच्या तोंडाचा पट्टा सुटलेलाच.

"मतदान गुप्त असतं, फायबाई," मी आतून म्हटलं.

"मतदान गुप्त असतं रे गुलामा, मतदार गुप्त नसतो. बाहेर ये नाहीतर वाजव. तुला भात दिसला नाही की तुझं डोकं चालत नाही, ठाऊक आहे मला. पण तिथं भात नाहीये."

ओळ हसली. त्या हसण्यात एक हसणं कमी होतं ते मला कळलं. माझ्या मागेच सार्जो उभी होती, माझी मुलगी, आणि तिचं पहिलंच मतदान. ती हसली नाही. या पोरीला मी इथं ओढून आणलं होतं. गेल्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, तिघंही टाकाऊ आहेत. टाकाऊंतून निवडायचं म्हणजे कचऱ्यात हात घालून बरं साल शोधायचं. मी नाही येणार." मी ताट बाजूला सारलं, चक्क भाताचं ताट, आणि तासभर बोललो. लोक तुरुंगात गेले म्हणालो. माझा काका परत आला नाही म्हणालो. मत न देणाऱ्याला तक्रार करायचा अधिकार नाही म्हणालो, आणि घराबाहेर काढीन असंही म्हणालो. बायको म्हणाली, "अन्सुमाना, ती फक्त नाही म्हणतेय, काही चोरत नाहीये." पण मी ऐकतो कुठे. सार्जो शेवटी म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही जे कराल ते बघते." एवढंच. मला वाटलं, जिंकलो. आणि आता मी आत उभा होतो, माझा तो तासभराचा आवाज माझ्याच कानात घुमत होता, आणि हात उचलवत नव्हता. कारण नळीपाशी हात नेला की वाटायचं, तिचंच खरं आहे. खरं असू दे, पण ते मला पडद्याच्या आत का कळावं? ताटावर का कळू नये?

कागद असता तर सोपं होतं. ऐकलंय मी, दुसरीकडे लोक कागदावर वाकडी फुली मारतात, शिव्या लिहितात, एकानं म्हणे गाढवाचं चित्र काढलं. तो कागद निदान 'बाद' म्हणून मोजला तरी जातो. गोटीवर काय लिहिणार? गोटी बादच होत नाही. ती एकतर वाजते, नाहीतर तुमच्या हातात राहते आणि तुम्ही चोर ठरता, कारण गोटी सरकारची. आमच्या देशात माणसाला 'नाही' म्हणायचं असेल तर त्याला शांतता करावी लागते, आणि ती शांतता रांगेतला प्रत्येकजण कान टवकारून ऐकतो. मोठ्यानं ओरडण्यापेक्षा ती जास्त उघडी पडते. अंगावरचे कपडे काढल्यासारखं वाटत होतं मला. मानेला खाज सुटली, पण खाजवायला हात मोकळा नव्हता. एका हातात गोटी आणि दुसऱ्यानं उगीचच कापड धरलेलं, जणू कापड सोडलं तर मी पडेन.

मला फोन्यी भागातलं आमचं गाव आठवलं. मी सहा-सात वर्षांचा. वडील मला खांद्यावर बसवून मतदानाला घेऊन गेलेले. ते आत गेले, मी बाहेर आंब्याखाली. आणि आतून टिंग झालं. लांबून कुठूनतरी पक्षी एकदाच बोलावा तसं. ते बाहेर आले, मला उचलून घेतलं आणि विचारलं, "ऐकलंस? तो मी होतो." त्या माणसाचं नाव आयुष्यात कुठल्या पाटीवर लागलं नाही. भुईमुगाच्या पोत्यावर व्यापाऱ्याचंच नाव असायचं. पण त्या दिवशी तो टिंग होता. मग पुढं मोठ्या साहेबांची, म्हणजे एकट्याच्या हुकूमशाहीची वर्षं आली. तेव्हाही टिंग व्हायचं, सगळ्यांचंच व्हायचं, आणि कुणीच तो नसायचा. मी तेव्हा नवा मास्तर. तेव्हाही वर्गात हेच शिकवायचो, त्याच आवाजात. आता सगळं मोकळं झालं, कुणीही उभं राहतं, आणि कुणीही म्हणजे हे तिघं. वडील असते तर त्यांना विचारलं असतं, की दादा, टिंग करायचं पण मी व्हायचं नाही, असं जमतं का?

"सर, वाजवा ना!" ओळीतून कुणीतरी पोरगा ओरडला. माझाच विद्यार्थी असणार, ह्या भागातले निम्मे मतदार माझे विद्यार्थी. "सर, उत्तर येत नसेल तर पुढचा प्रश्न सोडवा, तुम्हीच सांगायचात!"

"त्याला सांगू नका रे काही," दुसरा म्हणाला, "कॉपी होईल."

मग त्यांच्यात वाद लागला. ज्याला कुणीच आवडत नाही त्यानं मत द्यावं की नाही, यावर अख्खी ओळ माझ्या पाठीमागं, कापडापलीकडं भांडू लागली. एक बाई म्हणाली, बाजारात सगळे मासे शिळे असले तरी पोरांना उपाशी ठेवतो का आपण. दुसरी म्हणाली, मग काय शिळे घालून मारायचे? पा मालांगचा आवाज सगळ्यांत मोठा. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, कानानं मंद. त्यामुळे त्याला वाटतं सगळं जग कानानं मंद आहे. त्यानं हाज्जाचाच टी-शर्ट घातला होता. प्रचाराचे कपडे चालत नाहीत म्हणून पोलिसानं तो उलटा करायला लावला, तर आता हाज्जा त्याच्या पोटावर आतून, उलटी, कापडातून डोकावत होती. "आवडायचं काय त्यात!" पा मालांग गरजला. "मला माझी पहिली बायको आवडत नव्हती! चाळीस वर्षं संसार केला ना!"

"पा, मतदान पाच वर्षांनी असतं, लग्न रोज," कुणीतरी म्हणालं.

"काय?"

"काही नाही, पा."

या सगळ्यात सार्जो एक शब्द बोलली नाही. मी कापडातून तिची सावली ओळखत होतो. हाताची घडी घालून उभी होती. ती मला बघत होती, म्हणजे मला न बघता बघत होती. ते जास्त त्रासाचं.

मी शेवटी पडदा बाजूला करून बाहेर आलो. मी टेबलापाशी गेलो आणि गोटी कुंबाच्या समोर ठेवली. म्हटलं, "घे. मला नको."

कुंबानं गोटीकडं असं पाहिलं की जणू मी टेबलावर अंडं घातलं. "म्हणजे?"

"म्हणजे परत. तिघांपैकी कुणालाच नाही. तसं लिहून घे."

"कुठं लिहू? इथं 'गोटी दिली' आहे. 'गोटी घेतली' असा रकानाच नाही."

तीन पिंपांचे तीन पोलिंग एजंट भिंतीला टेकून बसले होते, ते ताडकन उठले. सोवेचा एजंट म्हणाला, ही गोटी उघडपणे आमची होती, सरांवर दबाव आलाय. सिदिबेचा एजंट म्हणाला, सर यायाचे मित्र आहेत, त्यांनी एकदा यायाला नापास केलं होतं. हाज्जाचा एजंट नुसताच 'अन्याय, अन्याय' म्हणाला. तेवढंच त्याला शिकवून पाठवलं असणार. गोटी टेबलावरून हळूहळू घरंगळायला लागली, सगळे तिच्यावर झेपावले, आणि पोलिसानं ती आपल्या टोपीत झेलली. मग टोपी हातात धरून तो उभा राहिला. आता ती डोक्यावर घालावी की नाही ते त्याला कळेना.

कुंबा उठली. जवळ येऊन हळू बोलली, थट्टा बाजूला ठेवून. "हे बघ अन्सुमाना. तू परत केलीस तर संध्याकाळी माझ्या मोजणीत एक गोटी जास्त होते. जास्त झाली तर हे तिघं मला खातील. खिशात घालून नेलीस तर कमी होते, तर तुला खातील. आत जा. कुठंही टाक. मी विचारत नाहीये कुठं. नुसता आवाज दे मला."

नुसता आवाज दे मला. सगळ्यांना तोच हवा होता. कुणाला निवडलं याची कुणाला पडली नव्हती, एजंटांनासुद्धा खरं तर नव्हती. त्यांना फक्त ओळ पुढं सरकायला हवी होती. मी सार्जोकडं पाहिलं. तिनं खांदे उडवले नाहीत, भुवई उचलली नाही, काही नाही. तिचा चेहरा कोरा होता, आणि मला कोऱ्या उत्तरपत्रिकांची नेहमीच भीती वाटते. टोपीतून गोटी घेतली, आत गेलो. त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं म्हणाल तर उकाडा होता, आणि बायकोनं सांगितलेल्या टोमॅटोंची यादी होती. हात कुठल्यातरी नळीपाशी गेला. कुठल्या ते सांगणार नाही, गुप्त मतदान आहे. टिंग झालं. इतकं लहान, इतकं स्वच्छ. ओळीनं टाळ्या वाजवल्या. एका पोरानं शिट्टी मारली. "शाब्बास गुलामा, आता भात मिळेल," कुंबा म्हणाली. मी बाहेर आलो तो परीक्षेत काठावर पास झालेल्या पोरासारखा. आनंद करावा की लपवावा ते कळेना.

सार्जोनं बोट शाईत बुडवलं, गोटी घेतली आणि आत गेली. मी खरं म्हणजे निघायला हवं होतं, मत दिलेल्या माणसानं थांबायचं नसतं. पण मी दाराच्या चौकटीला टेकून चपलेचा बंद उगाच सोडून पुन्हा लावत बसलो. आतून काहीच आवाज येत नव्हता. ओळीतले लोक माझ्याकडं बघून हसले, घराण्यातच आहे असं. पण ते हसणंही मग विरलं. कापड हललं नाही. माझे कान इतके ताणले गेले होते की दूर कुणाच्या तरी अंगणात मेंढा ओरडला तो मला कानाशी ओरडल्यासारखा वाटला. सुरुवातीला मला टिंग हवं होतं. बाप म्हणून, शाळामास्तर म्हणून हवं होतं. मग काहीतरी पालटलं, आणि मी मनात म्हणायला लागलो, नको. नको टाकूस. मी टाकली, तू नको. मला कधी कुणाचा इतका अभिमान वाटला नव्हता. मी जे ताटावर बोललो ते सगळं ही पोरगी आत उभी राहून, एक अक्षर न बोलता खोडून टाकतेय. टाकू दे खोडून.

ती बाहेर आली. मुठी झाकलेल्या. ताठ चालत दाराकडं.

"ए मुली," कुंबा म्हणाली. "वाजली नाही."

"टाकली," सार्जो म्हणाली.

"मला ऐकू आली नाही."

पोलीस एक पाऊल पुढं आला. एजंट उठले. कुंबा वळली ती माझ्याकडं, कारण दाराशी मीच होतो आणि कान टवकारून होतो हे तिनं पाहिलं होतं. "सर, तुम्ही इथंच होतात. वाजली का?"

"वाजली," मी म्हणालो. इतक्या चटकन, की माझा मलाच धक्का बसला. "स्पष्ट वाजली. त्या मेंढ्याच्या आवाजात तुला कळलं नसेल."

"मेंढा?"

"वाजली, वाजली!" ओळीतून पा मालांग गरजला. त्याला ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू येत नाही. "मी ऐकली!" आणि मग काय विचारता. सोवेच्या एजंटाला वाटलं, गोटी आपल्या पिंपात गेली असली आणि आपण नाही म्हणालो तर आपलंच मत जाईल. तो म्हणाला, हो, बारीक वाजली. सिदिबेच्या एजंटाला तेच वाटलं. हाज्जाचा एजंट म्हणाला, चांगली मोठी वाजली. ओळीतल्या बायका म्हणाल्या, वाजली की. ज्याच्यावरून सगळं रामायण झालं ते माझं टिंगसुद्धा इतक्या लोकांनी ऐकलं नसेल. कुंबानं स्वतःच्या कानात बोट घालून हलवलं, कान झाडला, आणि पुढच्याला बोलावलं. पुढचा पा मालांग.

मी आणि सार्जो फाटकापर्यंत पोचलो. पाववाला टोपली घेऊन कुजबुजत बाजूनं गेला. मला तिला मिठी मारायची होती, पण मी नुसतं म्हटलं, "मूठ उघड. मला दे ती. मी कुठंतरी टाकून देतो."

तिनं दोन्ही मुठी उघडल्या. एकीत काही नाही. दुसरीतही काही नाही. फक्त बोटाची शाई तळहाताला लागलेली.

"काय द्यायचं?" ती म्हणाली.

आणि तेवढ्यात मागून वर्गातून आवाज आला. टिंग. लगेच दुसरा. टिंग.

मग आरडाओरडा. "दोन! म्हाताऱ्यानं दोन टाकल्या!" "पकडा!" आणि सगळ्यांवर पा मालांग, "एकच दिली तुम्ही! दुसरी कुठून आणू? गोट्या खेळायचं वय आहे का माझं?" मी सार्जोकडं पाहिलं. ती वर्गाकडं बघत होती. "अडकली होती," ती हळूच म्हणाली. "नळीत अडकली असणार. मी टाकली तेव्हा खाली गेली नाही. पा मालांगची तिला धडकली आणि दोन्ही पडल्या."

पा मालांग हाज्जाशिवाय कुणाला मत देणार नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणजे मधलं पिंप. म्हणजे सार्जोनंही. "हाज्जाला?" मी म्हटलं. "तू? फरशी पुसतेस ना तिच्यानं."

"मला काय फरक पडतो कुणाला ते. मधलं होतं, हात पोचला." मग तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "मी नव्हतेच टाकणार. शपथ घेऊन आले होते घरून. तुम्ही आत इतका वेळ थांबलात, गोटी परत द्यायला गेलात, तेव्हा मला वाटलं, बास, आता बाबा माझ्या बाजूनं. आणि मग तुम्ही जाऊन वाजवलीत. म्हटलं, एवढ्या वेळानं बाबांनाही वाजवावीच लागते, तर मी कोण." मग तिनं विचारलं, "तुम्हाला काय वाटलं, मी नाही टाकली?"

मी तिच्या रिकाम्या तळहाताकडं पाहिलं.

"आणि तरी वाजली म्हणालात?"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. खुर्ची असावी. पोलिसानं पा मालांगचा दंड धरला होता ते खिडकीतून दिसत होतं. हाज्जाचा उलटा चेहरा त्याच्या पोटावर चुरगळला होता. "मी गेलो आणि सांगितलं," मी म्हटलं, "तर तुझं मत कुठं गेलं ते सगळ्या गल्लीला कळेल."

"कळू दे. ते माझं थोडंच होतं," सार्जो म्हणाली, आणि माझ्या पुढं वर्गाकडं चालायला लागली.

वर्गात शिरलो तेव्हा सगळे एकदम बोलत होते. मी फळ्यापाशी उभा राहिलो, सवयीनं. आणि हात वर केला तसे सगळे गप्पही झाले, सवयीनंच. निम्म्यांना मी शिकवलेलं. "पा मालांगला सोडा," मी म्हणालो. "त्यानं एकच टाकली. दुसरी माझ्या मुलीची, अडकली होती. तिची वाजली नव्हती. मी खोटं बोललो."

पा मालांगला ऐकू गेलं नाही. तो ओरडतच राहिला. मग कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं, तेव्हा तोही गप्प झाला, आणि ज्यांनी ज्यांनी ऐकली म्हटलं होतं ते सगळे आपापल्या चपलांकडं बघायला लागले. पोलिसानं दंड सोडला. कुंबा फाय मात्र जागची हलली नाही. ती माझ्याकडं बघत होती. गुलाम म्हणाली नाही, खादाड म्हणाली नाही.

"सर," ती म्हणाली, "मग तुमची तरी वाजली होती का?"

"वाजली होती," मी म्हणालो. ओळीकडं वळलो. "तुम्ही सगळ्यांनी ऐकली. टाळ्या वाजवल्यात."

'ऐकली' म्हणायला आता कुणी पुढं आलं नाही. एजंट भिंतीला टेकून खाली बसले. सार्जो दारात उभी होती, तीसुद्धा वाट बघत असल्यासारखी. आणि मी तिथं, माझ्याच फळ्यापाशी, तो आवाज कसा होता ते आठवायला लागलो.